पळवून नेलेली मुलं: नाझींनी केलेलं सक्तीचं ‘जर्मनीकरण’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धावर मराठीत भरपूर वाचायला मिळतं. छळछावण्यांवरही मिळतं. पण पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया इथून नाझींनी मुलं उचलून नेली आणि त्यांना जर्मन म्हणून वाढवलं, याबद्दल विचारलं तर ‘हो, असं काहीतरी झालं होतं म्हणे’ यापलीकडे सहसा उत्तर येत नाही. ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

हा प्रकार नेमका काय होता?

१९३९ ते १९४५ या काळात जर्मनीने व्यापलेल्या प्रदेशांतून हजारो मुलं ताब्यात घेतली गेली. कुणी अनाथाश्रमातून, कुणी काका-मावशीच्या घरून, कुणी गाव उठवताना आईच्या हातातून. त्यांची ‘वांशिक’ तपासणी झाली. जी पसंत पडली त्यांना जर्मन नाव, जर्मन जन्मदाखला आणि पुढे जर्मन आईबाप दिले गेले. सगळ्यात जास्त मुलं पोलंडमधली. सोव्हिएत प्रदेशातूनही बरीच नेली.

यात बेभान सैनिकांपेक्षा कचेऱ्यांचा हात मोठा होता, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. बालकल्याण कार्यालय, आरोग्य खातं, जन्मनोंदणी, दत्तक विभाग. अनाथ पोराचं भलं बघणं हे ज्यांचं काम, त्यांनीच ही पोरं चोरली आणि पायरीपायरीला कागद केला. पुढची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेने इथेच येऊन पोचतात.

पोलिश लोकांना हीन समजायचे, मग त्यांचीच मुलं कशाला हवी होती?

नाझींच्या डोक्यातलं उत्तर सरळ होतं. निळ्या डोळ्यांचं, सोनेरी केसांचं मूल पोलिश घरात जन्मलं, तर त्याच्या अंगात कुठल्यातरी पिढीतलं जर्मन रक्त असणार. म्हणजे ते मूल ‘आपलंच’, वाट चुकून तिकडे गेलेलं, आता परत आणायचं. असा युक्तिवाद एकदा मान्य केला की चोरी ही चोरी राहत नाही, ती घरवापसी होते.

१९३९च्या नोव्हेंबरात, पोलंड पडून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, नाझी पक्षाच्या वंशविषयक कार्यालयातल्या दोन अधिकाऱ्यांनी एक टिपण लिहिलं. त्यात वांशिकदृष्ट्या ‘मौल्यवान’ मुलं वेगळी काढून जर्मनीत वाढवावीत, आणि त्यांचं वय आठ-दहाच्या वर नसावं, अशी शिफारस होती. का, ते उघड आहे: त्याहून मोठ्या मुलाला घर आठवतं.

मे १९४०मध्ये एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचा, प्रमुख हाइनरिख हिमलर याने हिटलरला स्वतःचं टिपण दिलं. पूर्वेकडच्या लोकांसाठी चार इयत्तांपुढे शाळा नको. पाचशेपर्यंत आकडे, स्वतःचं नाव लिहिणं आणि जर्मनांची आज्ञा पाळणं ही देवाची इच्छा आहे एवढं शिकवलं की पुरे. वाचता येण्याची गरज नाही. ज्या आईबापांना मुलाला अधिक शिकवायचं असेल त्यांनी अर्ज करावा. मूल वंशाने ‘निर्दोष’ ठरलं तर ते कायमचं जर्मनीला जाईल. शिवाय सहा ते दहा वयाच्या सगळ्या मुलांची दरवर्षी छाननी. हिटलरने टिपण वाचून पसंती दिली.

दुसरा हेतूही याच टिपणात आहे. उद्याचे पुढारी ज्या मुलांतून निघू शकतात ती मुलं काढून घेतली की त्या समाजाला डोकं वर काढता येणार नाही. आपली भरती आणि शत्रूची ओहोटी, एका दगडात दोन पक्षी. ४ ऑक्टोबर १९४३ला पोझनानमध्ये एसएसच्या सेनाधिकाऱ्यांसमोर बोलताना हिमलरने आडपडदाही ठेवला नाही. इतर राष्ट्रांकडे आपल्या जातीचं चांगलं रक्त असेल ते आपण घेऊ, गरज पडली तर त्यांची मुलं पळवून, असं तो म्हणाला.

मुलं निवडायची पद्धत काय होती?

१९ फेब्रुवारी १९४२चा आदेश क्रमांक ६७/१ वाचला की सगळी यंत्रणा कळते. काढणारा उलरिख ग्राइफेल्ट, हिमलरच्या ‘जर्मनत्व दृढीकरण’ खात्याचा मुख्य अधिकारी. हा आदेश पोलंडच्या पश्चिमेकडच्या, थेट जर्मनीला जोडून टाकलेल्या पट्ट्यासाठी होता.

आधी बालकल्याण कार्यालयाने अनाथाश्रमांतल्या आणि पोलिश पालकांकडे सांभाळायला दिलेल्या मुलांची यादी करायची. मग आरोग्य तपासणी. मग एसएसच्या वंश व वसाहत कार्यालयाचे तपासनीस डोक्याचा आकार, नाक, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, बांधा पाहणार, फोटो काढणार. त्यातून पार पडलेल्या मुलाला ब्रुच्कुफच्या निवासात सुमारे सहा आठवडे ठेवून त्याची बुद्धी आणि स्वभाव बघायचा. निवासप्रमुखाने प्रत्येकाबद्दल अहवाल लिहायचा. शेवटी वयाप्रमाणे वाटणी: दोन ते सहा वर्षांची मुलं लेबेन्सबोर्न या एसएसच्या संस्थेकडे (तिच्याबद्दल पुढे येईलच), सहा ते बारा वर्षांची सरकारी जर्मन निवासी शाळांकडे.

याच आदेशात आणखी एक सूचना आहे. ‘जर्मनीकरणास योग्य पोलिश मुलं’ असा उल्लेख लोकांच्या कानी जाऊ द्यायचा नाही. ‘परत मिळवलेल्या पूर्व प्रांतांतील जर्मन अनाथ’ असंच म्हणायचं. आपण काय करतो आहोत हे करणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं, याला याहून वेगळा पुरावा नको.

सगळी मुलं अनाथच होती का?

नाही. बऱ्याच मुलांना अनाथ ‘केलं’ गेलं. बापाला गोळी घातली, आईला छावणीत पाठवलं, की मूल आपोआप यादीत बसलं. आजी-आजोबा सांभाळायला तयार आहेत याला किंमत नव्हती.

पूर्व पोलंडमधल्या झामोश्च भागात तर अख्खी गावं उठवली. नोव्हेंबर १९४२ ते ऑगस्ट १९४३ या काळात सुमारे ३०० गावांतून एक लाखाहून अधिक माणसं हुसकली, त्यांत सुमारे ३०,००० मुलं. छावणीत पोचताच माणसांची विभागणी व्हायची आणि मुलं बाजूला काढली जायची. ऐन हिवाळ्यात मालडब्यांत भरून मुलांच्या गाड्या निघाल्या. बातमी फुटली तशा वॉर्सा आणि आसपासच्या गावांतल्या बायका स्टेशनांवर जमू लागल्या. रेल्वे कामगारांच्या मदतीने, पहारेकऱ्यांना पैसे चारून, जमेल तशी मुलं काढून घेतली आणि घरोघर लपवली. १९४३च्या सुरुवातीला शेदल्त्से गावात गाडीत गारठून मेलेल्या मुलांच्या अंत्ययात्रेला इतकी माणसं लोटली की तो जर्मनांविरुद्धचा मोर्चाच ठरला.

स्लोव्हेनियात निमित्त आणखी वेगळं होतं. ऑगस्ट १९४२मध्ये त्सेल्ये शहरात प्रतिकार करणाऱ्यांच्या कुटुंबांना एका शाळेत बोलावलं आणि तिथेच मुलं आयांपासून तोडली. मोठी मुलं जर्मनीतल्या छावण्यांत गेली, तान्ही बाळं लेबेन्सबोर्नकडे.

नाव बदलायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

पोझनानचे डॉ. फ्रान्चिशेक विताशेक भूमिगत चळवळीत होते. जानेवारी १९४३मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. पत्नी आउशवित्झला आणि तिथून रावेन्सब्रुकच्या छळछावणीत. मुलं नातेवाइकांकडे विखुरली. त्यांतल्या आलोदिया आणि दारिया, पाच आणि चार वर्षांच्या दोघी, सोनेरी केसांच्या. त्यांना उचललं, वूच शहरातल्या (इंग्रजी नकाशांवरचं लॉड्झ) मुलांच्या छावणीत ठेवलं, मग कालिशच्या मठात उघडलेल्या निवासात आणलं. इथे पोलिश बोललं की मार किंवा उपास. पुढे पोल्चिनच्या लेबेन्सबोर्न निवासात दोघी पोचल्या तोवर आलोदिया विताशेकची आलिस विटके झाली होती आणि दारियाची डोरिस विटके.

नीट पाहा: विताशेक–विटके, आलोदिया–आलिस, दारिया–डोरिस. पहिले अक्षर, पहिला ध्वनी जवळपास तोच. ही पद्धत होती. हाक मारली की मुलाने वळून बघितलं पाहिजे. आणि दोन वर्षांनी जुनं नाव कुणी उच्चारलंच, तर त्याला ते नव्याचंच बिघडलेलं रूप वाटलं पाहिजे. सगळ्यांच्या बाबतीत एवढी काळजी घेतली नाही. लिदित्से या चेक गावची (त्याची गोष्ट पुढे आहे) मारिए दोलेझालोवा सरळ इंगेबोर्ग शिलर झाली.

लेबेन्सबोर्नला स्वतःचं जन्मनोंदणी कार्यालय चालवायची मुभा होती, त्यामुळे खोटा दाखलाही ‘खरा’च निघायचा. शिक्का सरकारी, सही अधिकाऱ्याची. युद्धानंतर शोध घेणारे याच भिंतीवर सगळ्यात जास्त आपटले.

लेबेन्सबोर्न म्हणजे ते ‘आर्य संतती’ पैदा करण्याचे कारखाने ना?

ही दंतकथा आहे, आणि चटकदार असल्यामुळे टिकली आहे. डिसेंबर १९३५मध्ये स्थापन झालेली ही एसएसची संस्था प्रसूतिगृहं चालवायची. मुख्यतः अविवाहित पण ‘योग्य रक्ताच्या’ गर्भवतींसाठी. जर्मनीतल्या घरांत सुमारे ८,००० मुलं जन्मली, नॉर्वेतही बरीच. जोड्या जुळवून संतती काढण्याचा उद्योग तिथे चालत नव्हता. तिचा खरा गुन्हा चोरलेल्या मुलांना नवी ओळख देऊन वाटण्याचा, पण त्यावर गप्पा रंगत नाहीत.

दत्तक घेणाऱ्या जर्मन आईवडिलांना माहीत होतं का?

काहींना असणार, एसएस अधिकाऱ्यांच्या घरांत तरी शंका यायला हवी होती. पण अनेकांना खरंच सांगितलं गेलं होतं की हे जर्मन अनाथ आहे, आईबाप युद्धात गेले. आलोदियाला घेऊन जाणारी श्टेन्डालची लुइझे डाल अशांपैकी. मूल होत नव्हतं म्हणून ती आली आणि एक मुलगी घेऊन गेली. तिने तिला जीव लावला, यात वाद नाही.

वाचणाऱ्याची इथेच पंचाईत होते. सगळे दत्तक आईबाप राक्षस असते तर हिशेब सोपा झाला असता. मुलाला ऊबदार अंथरूण, नवे बूट, नाताळचा केक मिळाला. आणि त्याच वेळी त्याची आई रावेन्सब्रुकमध्ये होती. प्रेम खरं होतं, दाखला खोटा होता.

तपासणीत ‘नापास’ झालेल्या मुलांचं काय झालं?

लिदित्सेचं उदाहरण घ्या. २७ मे १९४२ला प्रागमध्ये चेक प्रदेशाचा नाझी कारभारी राइनहार्ड हायड्रिश याच्यावर हल्ला झाला, ४ जूनला तो मेला. सूड म्हणून १० जूनला लिदित्से हे खाणकामगारांचं गाव पुसून टाकलं. १७३ पुरुषांना तिथेच गोळ्या घातल्या, बायका रावेन्सब्रुकला. मुलं वूचमधल्या एका छावणीत. मोजकी जर्मनीकरणासाठी बाजूला काढली. उरलेल्यांनी नातेवाइकांना पत्रं लिहिली, पाव आणि कपडे पाठवा म्हणून. ती पत्रं आजही आहेत. मग त्यांना हेल्म्नोच्या मृत्युछावणीत नेऊन विषारी वायूने मारलं. लिदित्सेची ८२ मुलं अशी गेली. गावाच्या जागी आज त्यांचे ८२ ब्राँझचे पुतळे उभे आहेत, ४२ मुली आणि ४० मुलगे, शिल्पकार मारिए उखितिलोवा यांनी घडवलेले. युद्धानंतर परतली १७.

झामोश्चच्या मुलांपैकी काही आउशवित्झला पोचली. चेस्वावा क्वोका या चौदा वर्षांच्या मुलीचा तिथला कैदी म्हणून काढलेला फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. ती झामोश्चकडचीच. मार्च १९४३मध्ये ती गेली.

म्हणजे ‘निवडलं जाणं’ आणि ‘मारलं जाणं’ ही एकाच टेबलावर ठरणारी दोन उत्तरं होती. केसांच्या रंगावर.

इतकी मोठी मुलं आपली भाषा विसरतात कशी?

पाच-सहा वर्षांचं मूल भाषा वर्षभरात विसरू शकतं. त्यासाठी ती बोलणारं माणूस आसपास नसणं पुरेसं असतं, आणि इथे तर बोलल्याची शिक्षाही होती. आठ-दहा वर्षांची मुलंही सुटली नाहीत. मारिए दोलेझालोवा गाव उद्ध्वस्त झालं तेव्हा दहाएक वर्षांची होती. १९४६मध्ये ती परतली तेव्हा आई रावेन्सब्रुकमधून जिवंत सुटून इस्पितळात क्षयाने पडली होती. आईला जर्मन येत नव्हतं, मुलीला चेक उरलं नव्हतं. मायलेकींचं बोलणं दुभाष्यामार्फत झालं. काही महिन्यांत आई वारली.

एकूण किती मुलं पळवली?

इथे आकड्यांवरून भांडण आहे. युद्धानंतर पोलिश सरकारने मुलांचा शोध रोमान ह्राबार या वकिलाकडे सोपवला. त्यांनी मांडलेला अंदाज दोन लाख पोलिश मुलांचा, आणि परतलेली सुमारे ३०,०००. पोलंडमध्ये हाच आकडा रूढ आहे. अलीकडच्या संशोधनात, विशेषतः जर्मन इतिहासकार इसाबेल हाइनेमान यांच्या कामात, अंदाज बराच खाली येतो: सबंध युरोपातून सुमारे ५०,०००, त्यांत पोलंडमधली २०,०००च्या आसपास.

तफावतीचं एक कारण म्हणजे मोजायचं कुणाला. फक्त जर्मन कुटुंबांत आणि निवासांत गेलेली, की मजुरीला नेलेली आणि छावण्यांत मेलेली मुलंही? १९४४मध्ये बेलारूसमधून दहा ते चौदा वयाची हजारो मुलं जर्मनीत कामाला नेली. ते अपहरणच, पण हेतू वेगळा. दुसरं कारण, शेवटी शेवटी कागद जाळले गेले. माझं मत विचाराल तर दोन लाख हा आकडा पुराव्यावर उभा राहत नाही, पण २०,०००ला ‘फक्त’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

युद्धानंतर मुलं शोधली कशी?

संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेने, म्हणजे ‘उनरा’ने, आणि १९४७नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने शोधपथकं काढली. ती गावोगाव फिरली, अनाथालयं, शेतवाड्या पालथ्या घातल्या. जर्मन बालकल्याण कार्यालयांना परदेशी मुलांच्या याद्या द्यायला सांगितलं. याद्या अपुऱ्या आल्या, यात नवल नाही. त्यातल्या काही कचेऱ्यांनीच तर ही मुलं वाटली होती. शंका आली की शोधणारे मुलासमोर पोलिश प्रार्थना किंवा बडबडगीत म्हणून बघायचे. एखाद्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं.

पण कागद जुळल्याशिवाय मूल हलवता येत नसे. आईकडे जुन्या नावाचा दाखला, मुलाकडे नव्या नावाचा, आणि दोहोंना जोडणारी फाइल जळालेली.

परत पाठवणं बरोबर होतं का?

यावर त्या वेळच्या शोधपथकांतच कडाक्याची भांडणं झाली. एक बाजू म्हणायची, मूल चोरीचं आहे. चोराघरी सुखात आहे म्हणून चोरी कायम करायची का? दुसरी म्हणायची, सात वर्षांच्या पोराला त्याच्या माहितीतल्या एकुलत्या आईपासून तोडून, भाषा न कळणाऱ्या देशात, कदाचित अनाथालयात टाकायचं, तेही न्यायाच्या नावाने? त्यात शीतयुद्ध सुरू झालं. मूल कम्युनिस्ट पोलंडला द्यायचं की नाही, हा राजकारणाचा प्रश्न झाला. १९५०च्या सुमारास जर्मनीतल्या अमेरिकी विभागात अशी प्रकरणं न्यायालयांकडे गेली आणि अनेक मुलं जिथे होती तिथेच राहिली.

आलोदिया १९४७च्या अखेरीस परतली. आई छावणीतून जिवंत आली होती आणि तिने रेड क्रॉसमार्फत शोध लावला. लुइझे डालने मुलगी परत दिली. नऊ वर्षांची पोर पोझनानला उतरली तेव्हा तिला पोलिशचा शब्द येत नव्हता, आणि शहर जर्मनांच्या नावाने बोटं मोडत होतं. पुढे तिने दोन्ही आयांशी नातं राखलं. दारियाही ऑस्ट्रियातून परत आली. मोठेपणी आलोदिया विताशेक-नापिएरावा जर्मनीतल्या शाळांत जाऊन मुलांना हे सगळं सांगत राहिल्या.

तिच्या बाबतीत आई होती, म्हणून उत्तर सोपं वाटतं. आई नसलेल्या मुलाचं काय, याला मला एकच उत्तर सापडलेलं नाही. कुणा एका आदेशाने सगळ्या मुलांना एकाच दिशेला हाकणं, हेच तर आधीही झालं होतं. तेव्हा प्रत्येक मुलाचं वेगळं बघायला हवं होतं, आणि तेवढी माणसं, तेवढा वेळ कुणाकडे नव्हता.

फाळणी आठवणाऱ्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९४९च्या आपल्या अपहृत व्यक्ती (शोध व पुनर्स्थापना) कायद्यात कुठल्याही वयाची स्त्री आणि सोळा वर्षांखालचा मुलगा ‘अपहृत’ ठरू शकत असे. कुठे राहायचं ही त्या माणसाची इच्छा निर्णायक नसे. परत आणणंही सक्तीचं असू शकतं.

दोषींना शिक्षा झाली का?

अर्धवट. न्यूरेंबर्गमधला आठवा खटला याच कार्यालयांवर होता. ऑक्टोबर १९४७मध्ये तो सुरू झाला, १० मार्च १९४८ला निकाल लागला. आरोपी चौदा. मारिए दोलेझालोवाने तिथे साक्ष दिली. मुलांच्या अपहरणाचा आरोप सिद्ध झाला. ग्राइफेल्टला जन्मठेप झाली आणि १९४९मध्ये तो तुरुंगातच मेला.

लेबेन्सबोर्नचे चार जण मात्र या आरोपातून सुटले. न्यायालयाने ही संस्था कल्याणकारी मानली आणि तिने मुलांना बरं वागवलं असा निष्कर्ष काढला. संस्थेचा प्रमुख माक्स झोलमान केवळ एसएसचा सदस्य म्हणून दोषी ठरला, तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेत धरून मोकळा झाला. चौघांतलीच इंगे फीअरमेट्स निर्दोष. मुलांना खाऊपिऊ घातलं, स्वच्छ ठेवलं, चांगली घरं बघून दिली, हा बचाव न्यायाधीशांना पटला. ‘कल्याण’ या पाटीमागे लपायची जी युक्ती १९४२च्या आदेशात लिहिली होती, ती १९४८मध्ये कोर्टातही चालली. या विषयावर वाचताना मला सगळ्यात जास्त संताप या निकालाचा येतो.

नुकसानभरपाई?

जर्मन सरकारने या मुलांना भरपाईस पात्र गट मानलं नाही. ते युद्धातल्या सर्वसाधारण भोगांपैकी धरलं गेलं. २०१८मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने लहानपणी पोलंडमधून पळवल्या गेलेल्या एका वृद्धाचा दावा फेटाळला. आज जी मंडळी उरली आहेत ती ऐंशी-नव्वदीत आहेत.

कोल्हापूरला आलेली पोलिश मुलं हीच का?

नाही, आणि हा घोटाळा नेहमी होतो. ती मुलं पूर्व पोलंडची, म्हणजे १९३९मध्ये रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागातली. १९४०पासून सोव्हिएत सत्तेने त्यांना घरच्यांसकट सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं. १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे काही जण भारतात पोचले. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं.

तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. वळिवड्यात मुलांसाठी पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची, स्काउटची पथकं होती. त्याच वर्षांत कालिशच्या निवासात पोलिश शब्दाला मार मिळत होता, आणि पंचगंगेच्या काठाजवळ पोरं पोलिश व्याकरण घोटत होती. छावणी उठल्यावर त्या जागी फाळणीत आलेले सिंधी निर्वासित वसले. कापड खरेदीला आपण ज्या गांधीनगरला जातो ते हेच.

कायद्यात हा वंशसंहार मानला जातो का?

हो. ९ डिसेंबर १९४८च्या वंशसंहारविरोधी करारातल्या दुसऱ्या कलमात पाच कृत्यं दिली आहेत. त्यातलं पाचवं: एखाद्या गटाची मुलं सक्तीने दुसऱ्या गटाकडे हलवणं. अर्थात तो गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. ही कल्पना मांडणारे राफाएल लेमकिन पोलंडमधलेच ज्यू वकील. संस्कृती नष्ट करण्याबद्दलची तरतूद चर्चेत गळाली, मुलांचं हे कलम मात्र टिकलं. भारताने १९५९मध्ये करार मान्य केला.

हे आता इतिहासजमा झालं ना?

१७ मार्च २०२३ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं. आरोप: व्यापलेल्या युक्रेनमधून मुलांना बेकायदा रशियात नेणं. आरोप युद्धगुन्ह्याचा आहे, वंशसंहाराचा नाही. युक्रेन सरकारच्या नोंदीत अशी १९,०००हून अधिक मुलं आहेत. रशियाचं म्हणणं, आम्ही मुलांना युद्धातून सुरक्षित जागी हलवलं. मे २०२२मध्ये एका हुकमाने युक्रेनच्या अनाथ मुलांना रशियन नागरिकत्व देणं सोपं केलं गेलं होतं. नागरिकत्व, मग पालकत्व, मग शाळा. कागदांचा क्रम ओळखीचा आहे.

आज कुणाला आपलं मूळ शोधायचं असेल तर?

जर्मनीतल्या बाट आरोल्सेन गावात नाझी छळाचे बळी आणि युद्धोत्तर निर्वासित यांचं मोठं दफ्तर आहे, सुमारे तीन कोटी कागदपत्रांचं. बराचसा भाग इंटरनेटवर फुकट शोधता येतो, आणि कुटुंबीयांनी चौकशी केली तर कर्मचारी शोध घेतात. मुलांच्या शोधपथकांच्या फाइलीही तिथेच.

कागद संपतात तिथे हल्ली डीएनए चाचणी कामाला येते. त्सेल्येत नऊ महिन्यांची असताना उचललेली एरिका मात्को जर्मनीत इंग्रिड फॉन ओल्हाफेन म्हणून वाढली. उतारवयात मूळ शोधत ती स्लोव्हेनियातल्या जन्मगावी पोचली, तर तिथे एरिका मात्को नावाची एक बाई आधीच हयात होती. मुलं परत देताना आईच्या हाती दुसरंच बाळ दिलं गेलं होतं, आणि मात्को कुटुंबाने ते आपलं म्हणून वाढवलं. इंग्रिडचं नातं चाचणीने जुळलं. त्या दुसऱ्या एरिकाचे आईबाप कोण, हे कुठल्याच फाइलीत सापडलं नाही.